सबुरीला आणायला

मंदी आली हे आम्हाला पेपरवाल्यांच्या आधी कळलं आणि ती गेली हेही आम्हालाच आधी कळलं. फुशारकी मारत नाही. आमचा कारखाना दुकानांच्या दर्शनी काचांचा. मोठ्या काचा मागवायच्या, कापायच्या, कडा घासायच्या आणि दुकानावर नेऊन बसवून द्यायच्या. माणसाला नवं दुकान थाटायची हिंमत झाली की तो आधी आमच्याकडे येतो आणि हिंमत खचली की आधी आमच्याकडे यायचा बंद होतो. टीव्हीवरचे जाणकार तेव्हा “थोडी मरगळ आहे, घाबरण्यासारखं काही नाही” असं सांगत होते. आमच्याकडे दोन आठवडे घोडीवरून एकही काच उतरली नव्हती.

घोडी म्हणजे तिरकी लाकडी चौकट. तिला टेकवून काचा उभ्या ठेवतात. मोठी काच नेतानाही उभीच न्यायची, कारण आडवी धरली तर ती आपल्याच वजनानं मध्ये तडकते. घोडीवरून टेबलावर, टेबलावरून घासायला, तिथून गाडीत, गाडीतून दुकानात, सगळीकडे ती दोन माणसांच्या हातांवर जाते. एकट्याला पेलत नाही आणि तिसरा आला तर नुसता लुडबुडतो. म्हणून आमच्याकडे माणसं जोडीनं कामाला लागत, जोडीनं सुट्टी घेत आणि जोडीनंच शिव्या खात.

माझी जोडी सबुरीशी. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. एरवी तो सबुरी, कारण ऊठसूट “सबुरीनं घे” म्हणायचा. आणि मी घाई, कारण मला चहा निवेपर्यंतसुद्धा दम निघत नाही, रोज जीभ भाजून घेतो. फोरमननं एकदा लांबून हाक मारली, “ए घाई-सबुरी, गाडी भरा!” आणि ती नावं आम्हाला चिकटली ती चिकटलीच. माझी बायकोसुद्धा त्याला सबुरीभाऊजी म्हणायला लागली.

अठरा वर्षं आम्ही काचेच्या दोन टोकांना होतो. बाकीच्या जोड्या “एक, दोन, तीन, उचल” असं ओरडायच्या. आम्ही कधी काही म्हटलं नाही. उचलायच्या आधी सबुरी नाकानं एक बारीक श्वास ओढायचा, सूं करून. तो कानावर आला की माझे हात वर. ठेवताना तो श्वास सोडायचा, माझे हात खाली. हे आम्ही ठरवलं नव्हतं. पहिल्या वर्षात कधीतरी आपोआप झालं आणि मग मोजायची लाज वाटायला लागली. यंत्रं सुरू असताना, बाहेर रस्ता फोडण्याचं काम चालू असताना, कुणी शेजारी उभं राहून बडबडत असतानाही मला तो श्वास ऐकू यायचा. बायकोनं शेजारच्या खोलीतून चार हाका मारल्या तरी ऐकू येत नाही, हे तिचं म्हणणं खरं आहे.

मग कारखाना बंद झाला. दारावर कागद लागला, आम्ही बारा जणांनी तो आळीपाळीनं वाचला, जणू कुणाच्या तरी वाचण्यात काहीतरी वेगळं निघणार होतं. सबुरी त्याच्या लेकीकडे गेला, दुसऱ्या शहरात, बसनं पाच तासांवर. बायको त्याची आधीच वारली होती, इथे त्याला धरून ठेवणारं काही नव्हतं. मी होतो, पण ते कारण कुणी धरत नाही. फाटकापाशी त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, “सबुरीनं घे,” आणि गेला.

पुढची तीन वर्षं मी काय केलं, तर दुकानं भाड्यानं लावून देणाऱ्या एका दलालाकडे कागद चिकटवले. ‘भाड्याने देणे आहे.’ एका हातात खळीचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश. ज्या काचांवर मी ते कागद चिकटवले त्यातल्या निम्म्या मी आणि सबुरीनं बसवलेल्या होत्या. एका चपलांच्या दुकानाची काच आत न्यायला आम्हाला दारच उतरवावं लागलं होतं. तिथे कागद लावताना मी इतका खवळलो की तो उलटा चिकटवला. दलाल म्हणाला, “डोकं ठिकाणावर आहे का?” नव्हतंच.

बायको एका दवाखान्यात नावं नोंदवायला बसायची, तिच्या पगारावर घर चाललं. ते मला बोचायचं, खोटं कशाला बोलू. पण खरं बोचायचं ते वेगळंच. सकाळी हात रिकामे वाटायचे. चहाचा कप उचलतानासुद्धा मी क्षणभर थांबायचो. सबुरीला मी फोन करायचो, पण सबुरी फोनवर बोलणाऱ्यातला नव्हेच. “हं. बरं आहे. तू? बरं. ठेवतो.” अठरा वर्षं एकही शब्द न बोलता ज्याच्याशी सगळं बोललो, त्याच्याशी आता शब्दांतून बोलायचं म्हणजे दोघांचीही पंचाईत. हळूहळू फोनही कमी झाले.

आणि मग मंदी उठली. दलालानं मला खळीच्या डब्याऐवजी पातं दिलं, कागद खरवडायला. एका आठवड्यात चार दुकानांचे खरवडले. आमच्या खालच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर राहतात, त्यांनी सगळी पुंजी शेअर बाजारात घातली होती आणि तीन वर्षं जिन्यात भेटले की मान खाली घालून जायचे. ते एका सकाळी पेपर नाचवत वर आले. “बाजार सावरला! माझं बुडालेलं सगळं परत आलं, सगळं! मी म्हणत होतो ना, विकू नका, धरून ठेवा?” त्यांनी माझ्या हातावर पेढ्यासारखी दोन बिस्किटं ठेवली. मला त्यांचा हेवा वाटला. पैशाचा नाही. त्यांचं गेलेलं परत आलं होतं, एवढ्याचाच.

महिन्याभरात कारखान्यातून बोलावणं आलं. कुणी गुंतवणूकदार मंडळींनी तो विकत घेतला होता. साहेब नवीन होते, भिंतींना नवा रंग होता, पण घोड्या त्याच होत्या. जुन्या सहा जोड्यांपैकी चार पुऱ्या आल्या. पाचवीतला एक जण देवाघरी गेला होता आणि दुसऱ्यानं वर्षापूर्वीच किराणा दुकान टाकलं होतं. सहावी आमची. मी एकटाच. सबुरीला पत्र गेलं होतं, उत्तर नव्हतं.

“उत्तर नाही म्हणजे येत नाही,” साहेब म्हणाले आणि मला नवा जोडीदार दिला. तो पूर्वी हॉटेलात वेटर होता. मंदीत हॉटेल बुडालं तसा तो भटकत आमच्याकडे आला. माणूस लाख मोलाचा, चाळिशीतला, हसतमुख. एका वेळी सहा भरलेले पेले नेतो, असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं आणि करूनही दाखवलं. पण पेले नेणारा माणूस एकटा नेतो. त्याला दुसऱ्या टोकाची सवय नसते. आम्ही मोजून उचलायचं ठरवलं. “एक, दोन, तीन” म्हणताना मला लाज वाटायची, पण म्हणायचो. आठवडाभर निभावलं.

नवव्या दिवशी मालक मंडळी पाहणीला आली. पांढऱ्या टोप्या घातलेली सहा-सात माणसं, हातात वह्या. साहेबांनी त्यांना आणून नेमकं आमच्या घोडीसमोर उभं केलं. मोठी काच होती, नव्या कापडाच्या दुकानाची, कारखाना उघडल्यावरची पहिली मोठी मागणी. साहेब सांगत होते, “हे आमचे जुने, अनुभवी कारागीर.” मी हातमोजे चढवून काचेला हात लावला. वेटर दुसऱ्या टोकाला. त्या बिचाऱ्याला आदल्या दिवसापासून सर्दी झाली होती. मोजायला सुरुवात करायच्या आधी त्यानं नाक ओढलं, सूं करून.

मी उचलली.

माझं डोकं मध्ये आलंच नाही. हातांनी ऐकलं आणि हात गेले वर. त्याचं टोक घोडीवरच होतं, त्याचे हात अजून काचेला नीट लागलेही नव्हते. काच वेडीवाकडी झाली, कोपरा टेकला आणि असा आवाज झाला की पांढऱ्या टोप्या दारापर्यंत पळाल्या. काच पडली तर पडू द्यायची, धरायला जायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. मी सोडली आणि मागे झालो. वेटर जागच्या जागी उभा होता, भोवती काचाच काचा, बुटापासून वीतभर अंतरावर एक हातभर लांबीचा तुकडा. “मी काय केलं?” तो एवढंच म्हणाला. त्यानं काय केलं होतं? नाक ओढलं होतं. हे मी कुणाला आणि कसं सांगणार होतो?

साहेबांनी मात्र माझ्याकडून वदवून घेतलं. माणूस म्हणून ते वाईट नाहीत. हसले नाहीत, हीच मोठी गोष्ट. पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, “म्हणजे तुझं दुसऱ्या कुणाशी जमणार नाही.”

“जमेल साहेब. वेळ लागेल.”

“वेळ माझ्याकडे नाही. काच उचलायचं रबरी पंजांचं यंत्र मागवलंय, ते यायला सहा महिने लागतील. तोवर मला पुऱ्या जोड्या हव्यात. त्या तुझ्या माणसाला घेऊन ये. आणलास तर दोघांनाही कायम करतो, यंत्र आल्यावर ते चालवायला तुम्हीच. नाही आणलास, तर तुला ठेवून मी काय करू, तूच सांग. सोमवारपर्यंत बघ.”

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती आधी हसली. सर्दीचा भाग ऐकून कुणीही हसलं असतं. मग गंभीर झाली. “जाऊन या,” म्हणाली. “पत्रानं यायचे नाहीत ते. तुम्ही समोर उभे राहिलात तर येतील.” मग पिशवीत माझा सदरा घालता घालता तिनं विचारलं, “एक सांगा, तुम्हाला काम हवंय की सबुरीभाऊजी हवेत?”

“दोन्ही एकच आहे,” मी म्हणालो.

“एक नाही हो,” ती म्हणाली, पण वाद घातला नाही.

शनिवारी पहिल्या बसनं निघालो. पाच तास मी बोलायची तयारी करत होतो. आधी साहेबांचं सांगायचं, मग कायम नोकरीचं, मग राहायचं. आमच्या घरातली बाहेरची खोली तू घे, भाडंबिडं काढलंस तर बघ. त्यानं “सबुरीनं घे” म्हटलं की म्हणायचं, तीन वर्षं घेतली की सबुरीनं, आता बास. शेजारचा प्रवासी दोनदा माझ्याकडे वळून बघत होता, मी पुटपुटत असणार. खिडकीबाहेर प्रत्येक गावात कुठे ना कुठे बांधकाम चालू होतं. सगळीकडे काचा लागणार होत्या. मला उगीचच आपण श्रीमंत झाल्यासारखं वाटत होतं.

सबुरी एका विमा कंपनीच्या ऑफिसात दारावर होता, हे मला ठाऊक होतं. पत्ता विचारत गेलो. रस्त्याच्या पलीकडूनच तो दिसला, मोठ्या काचेच्या दाराआड, इस्त्रीच्या गणवेशात, पाठ ताठ. केस पांढरे झाले होते. मी तिथेच थांबलो. माझ्यासारखा माणूस आणि थांबला, यावरून काय ते समजा. कुणी आत जायला आलं की तो दार उघडायचा, माणूस आत गेला की अलगद लावायचा. दार त्याच्या हातात आवाज करत नव्हतं. मग मी रस्ता ओलांडून दाराशी गेलो. त्यानं दार उघडलं, खाली बघतच “या साहेब” म्हणाला आणि मग नजर माझ्या चपलांवरून हळूहळू वर आली.

“घाई!” तो एवढ्यानं ओरडला की आतली टाइप करणारी बाई उभी राहिली.

शनिवारी अर्धा दिवस असतो. तासाभरात सुटला आणि मला घरी घेऊन गेला. लेक तिसऱ्या मजल्यावर राहते. जावई कामाला गेले होते. लेकीनं पाणी दिलं, “काका, किती बारीक झालात,” म्हणाली, काकूची चौकशी केली. मी तिला फ्रॉकमध्ये पाहिलेली, आता तिचा स्वतःचा मुलगा शाळेत जात होता. जेवायला वाढायच्या आधी ती म्हणाली, “बाबा, बरे आलेत काका. ही टेबलाची काच जरा उचलून भिंतीशी लावाल का? खाली मुलानं काहीतरी चिकट सांडलंय. यांच्यानं आणि माझ्यानं हलत नाही.”

जाड काच होती, सहा जण जेवतील एवढी. मी या टोकाला, तो त्या टोकाला. मी त्याच्याकडे बघितलं नाही, त्यानंही बघितलं नाही. बाहेर कुणाचा तरी प्रेशर कुकर शिट्ट्या देत होता, जिन्यात मुलं ओरडत होती. आणि या सगळ्यातून तो श्वास आला, बारीक, सूं करून.

काच वर आली. उभी झाली. आम्ही दोन पावलं सरकलो, तिसरं अर्धं टाकलं, कारण कोपऱ्यात खुर्ची होती. त्यानंही अर्धंच टाकलं. त्यानं श्वास सोडला, काच भिंतीला टेकली. जमिनीला लागताना टिक एवढासुद्धा आवाज नाही. मला वाटलं, आता इथेच मरण आलं तरी चालेल. तीन वर्षं माझ्या अंगात जे कुठेतरी सांधा निखळून पडलं होतं, ते जागेवर बसलं. मी खुळ्यासारखा हसत होतो. म्हटलं, हीच वेळ आहे, आत्ताच विचारून टाकावं. वर बघितलं.

सबुरी खाली बघत होता, माझ्या पायांकडे. मग खुर्ची ओढून बसला. त्याचे हात थरथरत होते. लेकीनं पुसायला फडकं घेतलं होतं, तिला तो म्हणाला, “तू आत जा जरा.” ती गेली.

“बघितलंस?” त्यानं हात माझ्यापुढे धरले.

“वय झालं. आणि सवय राहिली नाही. आठ दिवसांत येईल पुन्हा.”

“सवयीचं नाही रे. हे पहिल्यापासून आहे. उचलेपर्यंत काही नाही, ठेवून झाली की सुरू. म्हणून तर मी ठेवली की लगेच हात खिशात घालायचो.”

ते मला आठवत होतं. मला वाटायचं, तो रुबाब आहे.

“सकाळी मी कधी काही खायचो नाही, ठाऊक आहे ना?” त्यानं विचारलं.

“तुला ॲसिडिटी होती.”

“कसली ॲसिडिटी! पहिली काच उतरेपर्यंत घास घशाखाली जायचा नाही. अठरा वर्षं. आणि मला माझं भ्या नव्हतं रे. तू असा उतावळा. पाय सदा काचेच्या खाली. काच पडली तर सोडायची आणि मागे व्हायचं, हे तुला मीच शिकवलं, पण तू मागे होशील याचा मला भरवसा नव्हता. मी काचेकडे कधी बघितलंच नाही. तुझ्या पायांकडे बघायचो. हिची आई म्हणायची, झोपेत दचकता आणि घाई, घाई करता. तिला वाटायचं, मला कसली तरी घाई झालीय.” तो हसला. मला हसू येईना.

“मला का नाही बोललास?”

“बोललो असतो तर तू घाबरला असतास. दोघं घाबरले की काच जातेच.” त्यानं हात मांडीखाली दाबून धरले. “इथे आलो तेव्हा पहिले दोन-तीन महिने करमलं नाही. तुझा फोन आला की जीव गलबलायचा, म्हणून पटकन ठेवायचो. मग एक दिवस सकाळी उठलो आणि भूक लागली होती. सकाळी सातला, मला! लेकीला म्हटलं, काहीतरी खायला दे गं. ती बघतच राहिली. तेव्हापासून रोज लागते. दार उघडायचं, दार लावायचं. कुणाचा पाय जात नाही, हात जात नाही. घाई, मला एवढी झोप लागते की अलार्म लावावा लागतो.”

कुकर थांबला होता. मुलंही गेली होती बहुतेक. माझ्या डोळ्यांपुढे त्या वेटरचा बूट आला आणि त्याच्याजवळचा तो तुकडा. अठरा वर्षं माझे पाय शाबूत राहिले, ते माझ्या नशिबानं, असं मी समजत होतो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं कुणीतरी उपाशीपोटी माझ्या पायांकडे बघत काढली होती आणि मला पत्ता नव्हता.

“कारखाना सुरू झालाय ना?” त्यानं विचारलं. “पत्र आलं होतं. मी फोडून ठेवलं तसंच. काय लिहू तेच कळेना.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “बोलवायला आला असशील. दारात तुला बघितलं तेव्हाच माझी भूक गेली. तू बोलावलंस तर मला नाही म्हणता येणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. लेकीला सांगायचं काय, तेवढं ठरवावं लागेल.”

बसमध्ये तयार केलेलं सगळं माझ्या तोंडात होतं. साहेब, कायम नोकरी, बाहेरची खोली. एक शब्द काढला असता तर तो उठून पिशवी भरायला लागला असता. मला तो इतका हवा होता की मी दाताखाली ओठ धरला.

“छे!” मी म्हणालो. “बोलवायला कोण येतंय? तिकडे आता यंत्र आलंय, रबरी पंजांचं. बटण दाबलं की काच वर. जोडीबिडीची भानगडच संपली. म्हटलं, कधीपासून भेट नाही, शनिवार आहे, जाऊन यावं.”

“यंत्र आलं?”

“आलं की. मी आणि एक वेटर आहोत त्यावर. म्हणजे पूर्वी वेटर होता.”

“त्याच्याशी जमतं तुझं?”

“छान जमतं.”

त्याचे खांदे खाली आले. इतक्या वर्षांत त्याला असा सैल बसलेला मी पाहिला नव्हता. चेहऱ्यावरचं सगळं निवळलं. मांडीखालचे हात त्यानं काढून गुडघ्यांवर ठेवले. मग थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं, “छान म्हणजे अगदी छान?” इतकं छान जमायला नको होतं, असं त्याला वाटलं असावं. तेवढ्यावरही मला बरं वाटलं, माझी हाव बघा.

जेवलो. सबुरी दोनदा वाढून घेऊन जेवला आणि मी ते बघत बसलो. निघताना दोघांनी मिळून टेबलाची काच परत बसवावी असं लेक म्हणाली, तर मी म्हटलं, जावई आले की बसवा, माझी बस चुकेल. बस चुकणार नव्हती. स्टँडवर तो सोडायला आला, खिडकीशी उभा राहून मुलाबद्दल, जावयाबद्दल, पगाराबद्दल बोलत राहिला. फोनवर तीन वर्षांत बोलला नसेल इतकं बोलला. बस सुटताना त्यानं काचेवर हात ठेवला, मीही आतून ठेवला.

घरी पोचलो तेव्हा बायको दारातच होती. तिनं आधी माझ्याकडे आणि मग माझ्या मागे जिन्यात बघितलं. बाहेरच्या खोलीतलं सामान तिनं हलवलं होतं, कॉटवर धुतलेली चादर घातली होती.

“एकटेच?”

“हो.”

“नाही म्हणाले?”

“नाही म्हणाला नाही.”

“म्हणजे? तुम्ही विचारलंत तरी का त्यांना?”

“नाही.”

तिनं माझी पिशवी हातातून घेतली आणि तशीच धरून उभी राहिली. सोमवारचं तिलाही ठाऊक होतं. “मग पाच तास जाऊन, पाच तास येऊन तिथे केलंत तरी काय?”

“टेबलाची काच उचलली,” मी म्हणालो, “एकदा,” आणि मग मात्र मला रडू आवरेना.